बॉनेटवरचा डबा

मी ज्यांच्यामुळे शिकलो त्यांचं नाव किशनराव घुगे. ते माझे शिक्षक नव्हते, नात्यातले नव्हते, गावातलेही नव्हते. येलदरीहून सकाळी सहाला सुटणाऱ्या आणि जिंतूरवरून परभणीला येणाऱ्या एस.टी.चे ते कंडक्टर होते. आम्ही पोरं त्यांना किशनमामा म्हणायचो. माझ्या नावापुढं आज ज्या पदव्या आहेत त्या लिहिताना मला खाकी सदरा, खांद्यावरची चामड्याची पिशवी आणि तिकिटाच्या पंचाची खटखट आठवते.

परीक्षेचा मोसम आला की जास्तच आठवते. सध्या मी शिकवतो त्या कॉलेजच्या आवारात लिंब फुलले आहेत. खाली पांढऱ्या फुलांचा सडा, त्यावर मुंग्यांसारखी पोरं पुस्तकं घेऊन बसलेली. जिंतूर रोडनं वारा आला की हळद शिजवल्याचा मातकट, गोडूस वास येतो. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत शिरलो तर एक विद्यार्थिनी खिडकीच्या उन्हात स्टीलचा डबा ठेवत होती.

"काय गं, हा कसला प्रयोग?"

"प्रयोग नाही सर. मानवतहून येतो डबा. भाकरी गार होते, म्हणून जरा ऊन दाखवते."

मी त्या डब्याकडं बघतच राहिलो. तिला वाटलं, सर रागावले. तिनं डबा उचलला. मी तो परत तिच्या हातून घेतला आणि उन्हातच, थोडा आणखी पुढं सरकवून ठेवला.

आमच्याकडं शिकायला शहरात खोली करून राहणाऱ्या पोरांचा डबा गावाहून एस.टी.नं येतो. अजूनही येतो. सकाळी आया उठतात, चुली पेटतात, भाकरी थापल्या जातात, आणि गाडी सुटायच्या आधी डबे कंडक्टरच्या हवाली होतात. रिकामा डबा परतीच्या गाडीनं घरी. त्यात कधी मळका सदरा, कधी "माझं बरं आहे" एवढीच चिठ्ठी. माझा डबा जर्मनचा, म्हणजे अल्युमिनियमचा होता, एका बाजूनं चेपलेला, मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. येलदरी, जिंतूर, बोरी, झरी अशा वाटेवरच्या गावांतून डबे चढत जायचे. कुणाचं फडकं कोणतं, कुणाच्या आईची गाठ कशी, हे मामांना तोंडपाठ. नावं लिहायची गरजच पडायची नाही.

त्या काळच्या गाड्यांचं इंजिन आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं. त्यावरचं पत्र्याचं उंचवट्यासारखं झाकण म्हणजे बॉनेट. उन्हाळ्यात त्याला हात लागला की चटका बसायचा. मामांनी त्या बॉनेटवर जाड बारदाना अंथरला होता आणि सगळे डबे त्यावर ओळीनं मांडलेले असायचे. ज्याच्या घरी पातळ कालवण, त्याचा डबा मधोमध, म्हणजे हिंदकळणार नाही. ज्याला परीक्षा, त्याचा डबा सगळ्यात तापलेल्या जागी. ही व्यवस्था कुठल्या नियमात बसत नव्हती. ड्रायव्हर गफारभाई कंडक्टरला मास्तर म्हणायचे; रोज कुरकुर करायचे, "मास्तर, ये गाडी है के बावर्चीखाना?" आणि रविवारी माझ्या डब्यात येलदरी धरणाची मासळी असली की तेच गफारभाई जिंतूरलाच ओळखायचे, "आज येलदरीवालेका डब्बा भारी है."

आठ-साडेआठला परभणीच्या स्टँडवर आम्ही पोरं उभी असायचो. डबा हातात आला की आधी तळवा खाली लावून बघायचा. ऊन ऊन. साठ किलोमीटरवरून आलेल्या भाकरीतून वाफ निघायची. खोलीवर जाईपर्यंत दम निघायचा नाही, स्टँडच्या लिंबाखालीच अर्धी संपायची.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी कॉलेजात नवीन होतो. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर काय गुदरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वस्तीतली माणसं घरं सोडून काही दिवस धरणाच्या कॉलनीत राहिली. चार-पाच दिवस गाडी नव्हती, डबा नव्हता, मायची खबर नव्हती. मग एका सकाळी गाडी आली आणि तिच्यात माझा डबा होता. शेजारी आणखी एक फडकं. त्यात मामांच्या घरच्या चार भाकरी आणि लसणाचा ठेचा.

"तुझी माय बरी हाय," मामा म्हणाले. "मी डोळ्यानं बघून आलो. खा आधी."

पुढं गफारभाईंनी सांगितलं, त्या दिवशी गाडीत एकानं विचारलं होतं, "मास्तर, त्यांचाबी डबा सगळ्यांच्या डब्यात ठिवता काय?"

मामा तिकीट फाडत म्हणाले होते, "इंजिनाला इचारून सांगतो. त्येला अजून कुणाचा डबा कोणता ते कळंना झालंय."

सगळी गाडी हसली म्हणे. विचारणाराही.

एम.एस्सी.ला आलो तेव्हा रझवी सर माझे मार्गदर्शक झाले. हैदराबादकडचे, पान खाणारे, बोलताना मध्येच "मियाँ" म्हणणारे. रक्ताविषयी ते असे बोलायचे की एखादा माणूस आपल्या गावाविषयी बोलतोय असं वाटावं. त्यांनी मला पहिल्यांदा अल्ब्युमिन सांगितलं. रक्त स्थिर ठेवलं की गोठतं, त्यातून फिकट पिवळा, निवळ द्रव सुटतो, त्याला सीरम म्हणतात. त्या सीरममध्ये जी प्रथिनं असतात त्यांत सगळ्यात जास्त असतं ते अल्ब्युमिन. औषध पोटातून किंवा सुईतून रक्तात येतं, पण रक्तात ते एकटंच हिंडत नाही. त्यातलं पुष्कळसं या प्रथिनाला चिकटून बसतं आणि त्याच्याबरोबर अंगभर फिरतं. चिकटलेलं आहे तोवर ते काही काम करत नाही. सुटं झालं की कामाला लागतं.

वर्गात हे कुणाला नीट उमगेना. मला मात्र लगेच कळलं.

"म्हणजे सर, एस.टी.च की," मी म्हणालो. "गाडीत बसलेला माणूस ना पेरणी करतो, ना मळणी. फाट्यावर उतरला की त्याचं काम सुरू."

सरांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "आणि एका सीटवर दोन माणसं आली तर?"

"जो नेटाचा तो बसतो. दुसऱ्याला उठावं लागतं."

"म्हणून एका औषधावर दुसरं देताना जपायचं. दुसऱ्यानं पहिल्याला सगळ्या सीटांवरून एकदम उठवलं तर?"

"तर स्टँडवर चेंगराचेंगरी, सर."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत अल्ब्युमिनला कुणी अल्ब्युमिन म्हणेना. लाल गाडी म्हणायचे.

सरांचं स्वप्न याच्या पुढचं होतं. ते म्हणायचे, निसर्गानं ही गाडी आधीच रस्त्यावर सोडलेली आहे, ती अंगाच्या कानाकोपऱ्यात जाते, शरीर तिला परकी समजत नाही. मग आपण आपलं औषध मुद्दाम तिच्यावर का चढवू नये? जिथं दुखणं आहे तिथं ते हळूहळू उतरावं. वाटेत सांडू नये, एकदम ओतलं जाऊ नये. मला हे ऐकताना स्वप्न वाटायचंच नाही. सकाळीच मी असा एक डबा खाल्लेला असायचा.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, गाई-बैलांच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला सल्फाचं जंतुनाशक औषध किती आणि कसं चिकटतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या गोठ्यातून रक्त मिळायचं. काम बरं चाललं होतं. शेवटचं प्रकरण उरलं आणि त्या उन्हाळ्यात गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरला. जनावरांना हात लावायला बंदी. इकडं माझी शिष्यवृत्ती मे महिन्यात संपत होती. प्रबंध तोवर गेला नाही तर पुढं राहायचं कशावर? बापानं कालव्यावर माझ्यासाठी मुकादमाला आधीच विचारून ठेवलं होतं. वाईट भावनेनं नाही, बापाच्या काळजीनं. पण ते माती वाहायचं टोपलं मला रोज दिसायचं.

घरी आमची एक लाल कंधारी गाय होती, तांबडी. मी मायला चिठ्ठी पाठवली. पुढच्या रविवारी मीच गेलो तर माय गोठ्याच्या दारात उभी.

"माणसाचं पाहिजे तर माझं घे रगत," ती म्हणाली. "त्या मुक्या जितराबाला कशाला तरास? गाभण हाय ती."

"माय, जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर बघतील. थोडंसंच लागतंय."

"थोडं म्हंजी किती? वाटीभर का घागरभर?"

"एक बाटली, माय."

तिनं तांबडीच्या मानेवरून हात फिरवला. "एकदाच. पुन्यांदा ती सुई दिसली तर मी त्या डॉक्टरलाच टोचीन, सांगून ठिव."

डॉक्टरांनी तांबडी तपासली, कबूल केलं, बुधवार ठरला. मी प्रयोगाची तयारी करायला परभणीला परतलो. बुधवारी कंपाउंडरनं रक्त काढलं, गोठू दिलं, वरचं सीरम निथळून एका स्वच्छ शिशीत भरलं. ते गार राहायला हवं होतं. येलदरीत बर्फ कुठला? मासळीवाल्यांचा. मायनं त्यांच्याकडून बर्फ आणला, भुशात गुंडाळला, शिशी मधोमध उभी केली. आणि घट्ट झाकणाचं दुसरं भांडं घरात नव्हतं म्हणून हे सगळं माझ्याच जर्मनच्या डब्यात भरलं. हिरव्या फडक्यात बांधलं. गुरुवारी पहाटे गाडीवर द्यायला बाप गेला. बाप अबोल माणूस. "भास्करचा," एवढंच म्हणाला.

पुढचं मला नंतर कळलं, पण ते इथंच सांगतो. मामांनी डबा हातात घेतला तर गार. बर्फासारखा गार. परीक्षेच्या दिवसांत पोरानं शिळं खायचं? जिंतूरपर्यंत फडक्यातून पाणी गळायला लागलं. मामांनी गाठ सोडली. आत बर्फाचं पाणी आणि भुसा, आणि मधोमध शिशीत पिवळं, निवळ, दाटसर काहीतरी. मामांनी शिशी उजेडात धरली आणि त्यांचा जीव हळहळला. मायनं लेकराला तूप धाडलंय, आणि कुण्या येड्यानं त्यावर मासळीचा बर्फ टाकलाय. थिजलं की तूप शिशीतून निघायचं कसं?

त्यांनी बर्फ जिंतूरच्या स्टँडवर ओतून दिला. डबा पुसला. शिशी आत ठेवली, डबा बारदाना बाजूला सारून थेट पत्र्यावर ठेवला, सगळ्यात तापलेल्या जागी, आणि वरून आपला टॉवेल घातला.

त्या दिवशी गाडी बोरीजवळ पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत उन्हात उभी होती, इंजिन चालूच. डबा त्या पत्र्यावर दोन-अडीच तास होता.

मी स्टँडवर डबा घेतला आणि तळव्याला चटका बसला. तिथंच उकिडवा बसून गाठ सोडली. शिशीतलं सीरम गेलं होतं. त्या जागी फिकट, अपारदर्शक, घट्ट काहीतरी होतं. मी शिशी आडवी केली, उलटी केली. काही हललं नाही.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. भर स्टँडवर, पन्नास माणसांत, मी ओरडलो, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? अडाणी माणूस! माझं सगळं वाटोळं केलं!"

मामांच्या हातात पंच तसाच राहिला. "मला वाटलं तूप हाय," ते म्हणाले. मग खाली बघत, "चुकलं माझं."

गाडीतनं उतरणारी माणसं बघत होती. मी शिशी घेऊन चालू लागलो.

रझवी सरांच्या टेबलावर मी ती ठेवली आणि मान खाली घातली. सरांनी ती उलटी केली, हलवली, उजेडात धरली.

"अरे मियाँ, हा तर चीक झाला की!" ते म्हणाले. गाय व्याल्यावर पहिल्या दुधाचा शिजवून जो घट्ट खरवस होतो, त्याला आमच्याकडं चीक म्हणतात. दिसतही तसंच होतं. "कुणी शिजवला?"

"कंडक्टरनं."

"कशावर?"

"बॉनेटवर, सर."

सरांनी चष्मा काढला. "किती वेळ?"

मला वाटलं ते चिडलेत. ते चिडले नव्हते. त्यांनी शिशी काळजीपूर्वक फोडली, नवं ब्लेड घेतलं आणि त्या गोळ्याची पातळ चकती कापली. "बघ. कुठं भोक नाही, बुडबुडा नाही, पाणी सुटलेलं नाही. मी स्टोव्हवर तापवलं असतं तर चाळण झाली असती. ही आंच कशी मंद, सारखी लागलीय." मग कपाटातून एक जुनं नियतकालिक काढलं. आमच्याकडं ती अशी महिनोन्‌महिने उशिरा यायची. त्यात लिहिलं होतं की परदेशात काही लोक अल्ब्युमिनमध्ये औषध मिसळतात आणि मुद्दाम तापवून त्याचे बारीक मणी बनवतात. औषध त्या घट्ट मण्यात अडकतं आणि सावकाश बाहेर येतं.

"तिकडं तेलात तापवतात," सर म्हणाले. "इकडं एस.टी.त. तुझं शेवटचं प्रकरण बदललं, मियाँ. चल, चकत्या काप."

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारत राहायचं. चकत्या सल्फाच्या पाण्यात भिजवायच्या, वरवर धुवायच्या, मग स्वच्छ पाण्यात सोडायच्या आणि ठरलेल्या वेळी ते पाणी काढून तपासायचं, चकत्यांवर ताजं घालायचं. सल्फा असेल तर नळीत गुलाबी रंग चढतो. जितका जास्त, तितका गडद. पहिल्या तासाची नळी गुलालासारखी. चौथ्या तासाची फिक्या डाळिंबाच्या दाण्यासारखी. संध्याकाळची त्याहून फिकट. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पाण्यातली नळी उजेडात धरली तर अगदी हलका, लहान लेकराच्या तळपायासारखा गुलाबी रंग होता. औषध अजून उतरत होतं. मी एकटाच प्रयोगशाळेत उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "फाटा आला, उतरा!"

एवढा आनंद होता. आणि रोज सकाळी भाकरी गार होती.

त्या गुरुवारनंतर मामांनी बॉनेटवर काही ठेवणं बंद केलं. कुणाचाच डबा नाही. सगळे वर रॅकवर, पिशव्यांच्या गर्दीत. आम्हा सगळ्यांच्याच भाकऱ्या गार यायला लागल्या. बोरीचा बालाजी माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. तो भाकरी ताटलीवर आपटून दाखवायचा.

"ऐक शास्त्रज्ञ, आवाज ऐक! तुझ्या पायी भाकरीचं खेटर झालंय. जा, माफी मागून ये."

"जातो रे."

"कवा? माझे दात पडल्यावर?"

गेलो की. एकदा नाही, चार-पाचदा गेलो. पण मामा डबा हातात देताना मान वर करायचे नाहीत. "घ्या साहेब," म्हणायचे. सहा वर्षं मी त्यांचा "लेका" होतो, "आरं ए" होतो. आता साहेब झालो होतो. तो शब्द ऐकला की पाठ करून आणलेलं तसंच घेऊन मी बाजूला सरायचो. मागून माणसं रेटायची, मामा पुढच्या डब्याकडं वळायचे. तूप, बर्फ, टॉवेल ही हकिकत मला गफारभाईंनी एका सकाळी चहाच्या गाड्यावर सांगितली. सांगून म्हणाले, "तू लई शिकला बाबा. हम क्या बोलें?" मी तो चहा तसाच ठेवून उठलो.

मे संपता संपता माझी तोंडी परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पत्र लिहिलं. टपालात टाकलं नाही. सकाळी ते डब्यात घातलं, हिरव्या फडक्यावर कागदाचा तुकडा टाचला, "हा डबा घरी द्यायचा नाही. किशनमामांनीच उघडायचा," आणि परतीच्या गाडीत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तुकडा वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि घंटीची दोरी ओढली.

मामा या महिन्यात निवृत्त होताहेत. मागच्या रविवारी मी जिंतूरला त्यांच्या घरी गेलो होतो. अंगणात बाज, बाजेवर मामा, अंगात खाकी नाही म्हणून जरा अनोळखी. जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हाचे पेढे त्यांना द्यायचे राहिले होते, ते मी आता नेले. त्यांनी एक तोंडात टाकला.

"सोळा वर्सं लागली का रं याला?"

"हो मामा, सोळा."

"लय लेट गाडी," ते म्हणाले. मग, "आन् तुझं ते? रगताच्या गाडीतून औषीद जातंय का आता दवाखान्यात?"

"काम चालू आहे मामा. जगभर चालू आहे. अजून वेळ लागेल."

"म्हंजी तीबी लेट."

"लेट आहे, पण सुटलीय."

ते खूश झाले. आत जाऊन तिकिटांची जुनी पेटी घेऊन आले. तिच्यात माझं पत्र होतं, घड्यांवर फाटलेलं. मी म्हणालो, मामा, हे मला द्या. त्यांनी लगेच मागं घेतलं. "कागद माझ्या नावाचा हाय. नकलून घे पाहिजे तर." मी त्यांच्या बाजेवर बसून, त्यांच्या देखरेखीखाली नकलून घेतलं.

त्या पत्राचं उत्तर मला दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं. डबा हातात आला आणि मी चटका बसून तो सोडलाच. मामांनी तो वरच्या वर झेलला. "आरं लेका, धर की नीट!" म्हणाले.

ते पत्र असं होतं:

तीर्थरूप किशनमामांस,

सविनय जयभीम.

हे तोंडानं सांगायला मी कितीदा आलो, तुम्हाला माहीत आहे. जमलं नाही, म्हणून लिहितो.

काल माझी परीक्षा झाली. मी पास झालो. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि विचारलं, प्रथिन इतकं एकसारखं घट्ट कसं झालं, कोणतं यंत्र वापरलं? मी रझवी सरांकडं बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी खरं ते सांगितलं, की एस.टी.चं बॉनेट, आणि एका माणसाचा टॉवेल. परीक्षक आधी हसले, मग त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाले, हे प्रकरण सगळ्यात चांगलं आहे.

मामा, तुम्ही जे खराब केलं असं मी ओरडलो, त्याच्यावरच मी पास झालो. पण हे पत्र त्यासाठी नाही. ते खरंच खराब झालं असतं, मी नापास झालो असतो, कालव्यावर गेलो असतो, तरी मी तुम्हाला तो शब्द बोलायला नको होता. माझ्या बापाला लोक तोच शब्द बोलतात. मी लहानपणापासून ऐकत आलो. कुणी बोललं की बाप खाली बघतो. त्या दिवशी तुम्ही तसंच खाली बघितलंत. शिकून मी पहिल्यांदा तो शब्द वापरला आणि तुमच्यावर वापरला. माझं चुकलं. मला माफ करा.

प्रबंधात पहिल्या पानावर ज्यांचे आभार मानतात तिथं तुमचं नाव छापून घेतलं आहे. टायपिस्ट विचारत होता, हे किशनराव कोणत्या विभागाचे? मी सांगितलं, परभणी विभागाचे.

मी दोन वर्षं शिकलो की औषध नुसतं असून भागत नाही, ते नेणारा लागतो. तो भला लागतो, रोजचा लागतो, आणि त्यानं वाटेत भेद करायचा नसतो. हे मला पुस्तकाच्या आधी तुमच्या गाडीनं शिकवलं होतं.

आता दोन विनंत्या. मला साहेब म्हणू नका. आणि उद्यापासून डबे पुन्हा बॉनेटवर ठेवा. माझा एकट्याचा नाही, सगळ्यांचे. बालाजी रोज शिव्या देतो.

तुमचा,
भास्कर

ता. क. तांबडी व्याली. कालवड झाली. डब्यात खाली एक शिशी आहे, मायनं तुमच्यासाठी पाठवलेली. थिजली असेल तर खुशाल बॉनेटवर ठेवा. या वेळी खरंच तूप आहे.